आतल्या खोलीची ऊब

सुवॉन,
१४ ऑक्टोबर

ती. सौ. मीओकवहिनींस,
उनशिलचा सा. न. वि. वि.

आईच्या हुकमाप्रमाणे फोन न करता पत्र लिहिते आहे. सुगीच्या सणाहून परत आल्यावर आपण दोघी फोनवर कशावरून भांडलो ते मला आता नीट आठवतही नाही. तुम्हाला आठवत असेलच. पण आईने तुमच्या हातून फोन ओढून घेतला आणि सांगितलं की यापुढे एकमेकींना पत्रं लिहा, पाकीट चिकटवेपर्यंत जिभेला थंड व्हायला वेळ मिळतो. तेव्हा हे माझ्या थंड जिभेचं पत्र समजावं.

विषय आपल्या जमीन तापवणाऱ्या बॉयलरचा आहे. सणाचे दोन दिवस मी आईजवळ आतल्या खोलीत झोपले, तेव्हा जमीन नुसती कोमट होती. म्हणून सकाळी हॉलमधलं बटण वाढवलं, तर सारं घर तापलं. दादाची खोली तापली, माझी जुनी रिकामी खोली तापली, एवढंच काय, कुंड्यांनासुद्धा घाम फुटला. एका बटणावर चार खोल्या नाचवायच्या म्हणजे एकाच पातेल्यात भात, मासे आणि खीर शिजवण्यासारखं आहे. मी शाळेच्या स्वयंपाकघरात सहाशे पोरांचा आठवड्याचा आहार आखते, मला आपलंच घर आखता येऊ नये?

म्हणून सोबत घराचा नकाशा काढून पाठवते आहे. दारापासून डावीकडून मोजत गेलं की पहिली आतली खोली, आईची. दुसरी समोरची, दादाची आणि तुमची. तिसरा हॉल आणि स्वयंपाकघर. चौथी लहान, माझी. हल्ली प्रत्येक खोलीच्या भिंतीवर वेगळं बटण बसवतात, हॉलमध्ये सगळ्यांचं मिळून एक मोठं, आणि हे सगळं मोबाइलवरून चालतं. जमिनीखालच्या नळ्या बाबांनी खोलीगणिक वेगळ्या टाकून घेतल्या होत्या, त्यामुळे काही खणायचं नाही, फक्त तोट्या बदलायच्या. जेचनचाच एक माणूस मी ठरवला आहे. दादाशी बोलले. तो रेल्वेच्या रात्रपाळीला निघाला होता, म्हणाला, तुम्ही बायका ठरवा.

मोबाइलचा ताबा माझ्याकडे राहील. कारण आई जमीन कमी करत बसते आणि तुम्हाला तिला वरचढ बोलता येत नाही. तुमचं आईकडे किती लक्ष असतं ते मला ठाऊक आहे, सारं गाव मला ऐकवत असतं. बाजारातली तिळाच्या तेलाची म्हातारीसुद्धा परवा म्हणाली की सून असावी तर अशी. मुलगी असावी तर कशी, ते कुणी सांगत नाही.

आणखी एक. आईच्या आरशामागे तुमची हाताला लावायची क्रीम होती. आईच्या खोलीत तुमचा वावर बराच वाढलेला दिसतो. आणि माझ्या खोलीत आईच्या गुडघ्याच्या मलमाचा वास येत होता, तिथे तिचं सामान टाकता की काय? आतली खोली म्हणजे घराच्या मालकिणीची खोली. बाबा त्याच खोलीत गेले. आई त्या खोलीत आहे तोवर मला माहेर आहे, असं मी धरून चालते. तिथे काही हलवू नये ही विनंती.

दादाला नमस्कार, आईच्या पाया पडते. माझं बोलणं कडू लागलं तरी औषधासारखं घ्यावं आणि माया पातळ होऊ देऊ नये.

आपली,
उनशिल


जेचन,
२ नोव्हेंबर

सौ. उनशिलवन्संना,
मीओकचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र आणि नकाशा पोचला. नकाशा फार सुबक आहे. घरात राहणाऱ्याला तो लागत नाही, पण लांबून बघणाऱ्याला लागत असेल.

तो माणूस येऊन गेला. भला होता, बोलतो फार. चार खोल्यांना चार बटणं बसवली, हॉलमध्ये मोठी पाटी लावली. पाटीवर नुसते आकडे आहेत, नावं तुमच्या फोनवर दिसतील म्हणाला. आईंनी त्याला वाळवलेली खजुरासारखी गोड पर्सिमनची फळं खायला दिली आणि विचारलं की हे यंत्र पोरीच्या हातात तिकडे सुवॉनला राहणार का. तो हो म्हणाला. त्यावर आई हसल्या की उनशिल लहानपणी सगळ्यांची पांघरुणं ओढायची, आता घालणार म्हणजे. तुमचं नाव निघालं की त्यांच्या चेहऱ्यावर काय येतं ते तुम्हाला कधी दिसत नाही. मला दिसतं. रोज दिसतं.

क्रीमचं म्हणाल तर आईंचे हात फुटतात म्हणून ठेवली होती. खरं मानायचं की नाही ते तुमच्यावर. मलमाचं म्हणाल तर आई तुमच्या खोलीत दुपारच्या बसतात. तुमच्या शाळेच्या वह्या, तुमचा तो निळा कोट, सगळं जिथल्या तिथे आहे. मी झाडते, हलवत नाही.

एक गोष्ट बोलायची नव्हती, पण तुम्ही ताब्याचा विषय काढलात म्हणून बोलते. मी या घरात आले तेव्हा बॉयलर नव्हता, कोळशाच्या वड्या होत्या. आईंची जमीन गार पडू नये म्हणून पहाटे उठून वडी बदलणं हे नव्या सुनेचं काम होतं. धुराने डोकं चढायचं. तेव्हा तुम्ही कॉलेजात होता आणि सुट्टीत आलात की त्या तापलेल्या जमिनीवर दुपारपर्यंत झोपायचात. तुम्ही आता अंगठ्याने जे करणार आहात ते मी चिमट्याने केलं आहे. पण त्याचं कुणाच्या फोनवर काही दिसत नाही.

आणि तुम्ही येणार त्या दिवशी आई पितळी वाटीत भात भरतात, झाकण लावून फडक्यात बांधतात आणि जमिनीच्या उबेच्या बाजूला पांघरुणाखाली ठेवतात, की लेक कधीही पोचली तरी भात गरम. अशी वाटी माझ्यासाठी कधी ठेवली गेली नाही. मी कधी उशिरा आलेच नाही म्हणा. जाणार कुठे?

असो. किमचीचं लोणचं घालायला या महिनाअखेरीस तुम्ही याल अशी आई वाट बघताहेत. कोबी दोनशेच्या वर आहेत. पत्रातलं खुपलं असेल ते काढून टाकावं, बाकीचं जपून ठेवावं.

तुमची वहिनी,
मीओक


सुवॉन,
२९ नोव्हेंबर

ती. सौ. वहिनींस,
उनशिलचा सा. न. वि. वि.

किमचीला येता आलं नाही. शाळेत तपासणी होती. मी तिथे सहाशे ताटं मोजून दाखवत होते आणि इकडे दादाने फोटो पाठवला. अंगणात कोबीचे ढीग, तुमच्या हातात लाल मोजे, आणि आई ताज्या किमचीच्या पानात डुकराच्या मटणाचा तुकडा गुंडाळून तुमच्या तोंडात भरवते आहे. तुम्ही तोंड केवढं उघडलं आहे वहिनी! फोटो मी तीनदा मोठा करून पाहिला. माझ्या तोंडात आईने शेवटचा घास कधी भरवला ते मी आठवत बसले, आणि आठवलं नाही. जळले, सरळ सांगते. तुम्हाला चिमट्याचं दुःख आहे ना, मला त्या घासाचं आहे. फिटंफाट.

पण एका बाबतीत मी जिंकले. बटणं बसवल्यापासून आईची जमीन माझ्या हातात आहे. त्या माणसाने फोनवर नावं लावताना एक घोळ घालून ठेवला होता, तो मी इथे बसल्या बसल्या निस्तरला, आता सगळं माझ्या नकाशाप्रमाणे आहे. दादाची खोली तो दिवसा झोपतो तेव्हा तापते. आईची रात्रभर चोवीस अंशांवर. आई पहाटे हळूच कमी करते, मी इथून वाढवते. ती पुन्हा कमी करते, मी पुन्हा वाढवते. शंभर किलोमीटरवरून आम्ही मायलेकी पांघरूण ओढाओढी खेळतो आहोत. दोन आठवड्यांत ती दमली, आता हात लावत नाही.

माझी खोली मात्र मी पूर्ण बंद ठेवली आहे. रिकाम्या खोलीत गॅस कशाला जाळायचा? तरी मध्येच कुणीतरी भिंतीवरून चालू करतं. आई दुपारची माझ्या वह्या बघत बसत असेल. मी लगेच बंद करते आणि तिला फोनवर दटावलंही, की आतल्या खोलीत उबेला बस, तिथे काय आहे? ती नुसती बरं म्हणाली.

झोपायच्या आधी मी फोन उघडून बघते. आईच्या नावापुढे नारिंगी दिवा असतो. तो दिसला की मला झोप लागते. तुम्ही तिथे असून जे करता ते मी इथून करू शकते, हे मला कुणीतरी म्हणायला हवं होतं. म्हटलं आपणच म्हणावं.

थंडी वाढते आहे, सांभाळा. भांडण उरलं असेल तर उरू द्या, पण नातं सुकू देऊ नका.

आपली,
उनशिल


जेचन,
२३ डिसेंबर

ती. ताईस,
मीओकचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेले सुके मासे पोचले. आपल्या कांगनंगचा वास घरभर झाला, दोन दिवस मला माहेरी असल्यासारखं वाटलं. दुकान कसं चाललं आहे? तुझी कंबर कशी आहे?

आज तुला मनातलं लिहिते. दुसरं कुणी नाही. वसंतात सासूबाईंनी मला आतली खोली दिली हे तुला सांगितलंच होतं. रीतच आहे, सासूचं वय झालं की घराची मालकी सुनेकडे आणि तिच्याबरोबर आतली खोली. ह्यांची रात्रपाळी, दिवसा घोरणं, म्हणून हे समोरच्या खोलीतच राहिले. मी एकटी आत गेले. पण सासूबाईंनी एक अट घातली की उनशिलला इतक्यात सांगायचं नाही, ती म्हणेल माझं माहेर गेलं. म्हणून सुगीच्या सणाला वन्सं आल्या तेव्हा मी माझी गादी उचलून ह्यांच्या खोलीत नेली आणि सासूबाई दोन रात्री आत येऊन झोपल्या. माझ्याच खोलीतून मी पाहुणी आली म्हणून उठले. एक क्रीमची बाटली राहिली तर त्यावर पत्र आलं.

बरं, खोली दिली ती दिली, स्वतः कुठे गेल्या? लेकीच्या लहान खोलीत. मी समोरची रिकामी करून देते म्हटलं तर म्हणाल्या, उनशिलच्या खोलीत मला झोप लागते. तिच्या जुन्या निळ्या कोटाशेजारी झोपतात. म्हणजे खोली मला आणि जीव तिकडे. तेव्हा माझ्या काळजात जे झालं ते तुलाच कळेल.

आता ते बटणांचं प्रकरण. वन्संना नकाशाप्रमाणे हवं होतं. पण त्या नकाशात सासूबाई अजून आत झोपतात! खरं सांगता येईना आणि म्हातारीला गार जमिनीवर ठेवता येईना. म्हणून मी त्या माणसाला हळूच सांगितलं की फोनवर चार नंबरला आईंचं नाव लाव आणि एक नंबरला उनशिलचं. म्हणजे वन्सं आईची म्हणून जी खोली तापवतील ती बरोबर आईंचीच तापेल आणि रिकामी म्हणून बंद करतील ती माझी. मी आपली गोधडीत झोपेन, सवय आहे.

आणि ताई, ऐक. वन्संनी लिहिलं की रिकामी खोली बंद ठेवते, म्हणजे माझी. पण माझी जमीन तर रोज रात्री तापलेली! सुरुवातीला मला घाम फुटायचा, पहाटे मी कमी करायची, तर पुन्हा वाढलेली. वन्संनी असंही लिहिलं होतं की ती बंद केलेली खोली कुणीतरी भिंतीवरून चालू करतं. वाचलं आणि त्या पत्रातलं बाकी काही डोक्यात शिरलं नाही, मी ते खाली ठेवलं. घरात आम्ही तिघं. हे तर बटणाकडे बघतही नाहीत. हॉलमधल्या पाटीशी दिवसभर कोण बसतं? सासूबाई. लेकीने बंद केलेली माझी जमीन त्या गुपचूप चालू करतात, ताई. एक शब्द न बोलता. अठ्ठावीस वर्षं मी त्यांची जमीन तापवली, आता त्या माझी तापवतात. त्या रात्री मी जमिनीला गाल लावून पडले आणि रडले. मला वाटलं, चला, लेकीच्या वाटीतला एक घास माझ्याही नावचा होता.

स्वतःची मात्र बंद करतात. मी चार नंबर चालू केला की पाठ फिरताच बंद. विजेची चटई घेऊन बसतात. ओरडले तर म्हणतात मला उकडतं. जन्माच्या काटकसरी. काल वर्षातल्या मोठ्या रात्रीची लाल पेज केली, त्यात तांदळाच्या गोळ्या सगळ्यात जास्त त्यांच्या वाटीत वाढल्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी काही बोलले नाही. बोललं की अशा गोष्टी विरतात.

त्यांना दोन दिवस खोकला आहे. तुझ्याकडचा तो आल्याचा काढा कसा करतेस ते लिही. आणि तुझ्या या वेडीला हसू नकोस, जवळ धर.

तुझी,
मीओक


जेचन,
१२ जानेवारी

चि. सौ. उनशिलीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

दवाखान्यातून येऊन चार दिवस झाले. खोकला आहे, पण भात जातो. डॉक्टर म्हणतात फुफ्फुसातलं पाणी उतरलं. हात कापतो म्हणून अक्षर वेडंवाकडं आहे, समजून घे.

तुम्ही दोघी दवाखान्यात माझ्या दाराबाहेर उभ्या राहून जे बोललात ते मी सगळं ऐकलं. माझी फुफ्फुसं भरली होती, कान नव्हते. तू म्हणालीस की तुमच्या घरात राहून माझी आई गारठली. ती म्हणाली की आईच बंद करायच्या. मग तू फोन काढून तिला दाखवलास, की बघा, माझ्या आईची खोली एक रात्रही थंड नव्हती, आताही चोवीस आहे.  मग मीओक एवढंच म्हणाली की वन्सं, ही एक नंबरची माझी खोली आहे, आई चारमध्ये झोपतात. तू घरी जाऊन आत तिची गादी बघितलीस आणि मला न भेटता सुवॉनला निघून गेलीस. म्हणून लिहिते आहे.

तिने त्या माणसाकडून नावं बदलून घेतली होती ती माझ्यासाठी. तू ती पुन्हा फिरवलीस तीही माझ्यासाठी. तुम्ही दोघींनी माझ्यावर एवढी माया केली नसती तर मी आजारी पडले नसते.

खोली मी दिली. तिने मागितली नाही. तुला सांगू नको हेही मीच म्हटलं. बाबा गेल्यावर तू त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून म्हणाली होतीस की आई, तू इथून हलू नकोस. तेव्हा मी हो म्हटलं होतं. ते मोडलं हे तुला कोणत्या तोंडाने सांगू?

मला माहीत होतं की माझी जमीन तूच बंद करतेस. सुरुवातीला वाटलं यंत्र बिघडलं असेल. मग तू फोनवर हसत सांगितलंस की माझी रिकामी खोली मी बंद ठेवली आहे. त्या रिकाम्या खोलीत मीच आहे गं, हे माझ्या ओठापर्यंत आलं होतं. मग म्हटलं हिवाळा काय, सरेल. चटई होती. मीओकला सांगितलं असतं तर तिने तुला कळवलं असतं आणि तुमची पुन्हा जुंपली असती. तिला मी उकडतं म्हणून सांगत राहिले.

तू गेल्यावर तिने मला विचारलं तेव्हा कळलं, ती बिचारी समजून बसली होती की तिची जमीन मी तापवते. मला काही पत्ता नव्हता. पेजेतल्या सगळ्या गोळ्या माझ्याच वाटीत का येताहेत हे कोडं मला दवाखान्यात सुटलं. तिचं तोंड त्या दिवशीपासून उतरलं आहे. सेवा सगळी करते, पण माझ्याकडे बघत नाही.

चांद्र नव्या वर्षाच्या सणाला ये. तुझी वाटी मी ठेवणार आहे. पूर्वी जमीन एकाच बाजूला तापायची म्हणून वाटी आतल्या खोलीत असायची. आता सगळीकडे तापते, कुठेही ठेवता येईल. रुसलीस तर रुसलेली ये, पण ये.

तुझी,
आई


सुवॉन,
२० जानेवारी

ती. सौ. वहिनींस,
उनशिलचा सा. न. वि. वि.

आईचं पत्र आलं. रोज वाचते आणि रोज वेगळ्याच ओळीवर अडते.

आधी माझं सांगते. मी माझ्या आईला माझ्या अंगठ्याने गारठवलं. ती चालू करायची, मी बंद करायची, आणि वर दटावायची. शाळेत एका पोराच्या ताटात गार सूप गेलं तर मी स्वयंपाक्यांना उभं करते. मला कोण उभं करणार? यजमान म्हणतात तुझा हेतू चांगला होता. त्यांना मी दोन दिवस जेवायला वाढलं नाही.

आता तुमचं. वहिनी, मला राग आला आहे आणि तो अजून गेलेला नाही. खोली तुम्हाला मिळाली ती रीतीने मिळाली, कबूल. तुम्ही कोळशाचा धूर खाल्लात, तुमचा हक्क आहे. पण सणाला मी त्या खोलीत शेजारी झोपून आईला म्हटलं की इथे मला किती छान झोप लागते, तेव्हा भिंतीपलीकडे तुम्ही गादी घेऊन पडला होता आणि तुम्हाला सगळं माहीत होतं. मीच एकटी त्या घरात पाहुणी होते आणि मलाच ठाऊक नव्हतं. ही गोष्ट मला अजून सलते.

आणि हसू येतं तेही सांगते. आख्खा हिवाळा मी इथे जागून कुणाची पाठ शेकली, तर तुमची! झोपण्याआधी तो नारिंगी दिवा बघून समाधानाने उशीवर डोकं टेकायची, तेव्हा तुम्ही तिथे घाम पुसत पडलेल्या. एवढी माया मी माझ्या सख्ख्या नवऱ्यावर केली नाही. त्या उबेबद्दल पेजेतल्या गोळ्या मिळाल्या आईला. मला तुमच्याकडून एक शब्द नाही. म्हणजे कष्ट माझे, आभार आईचे, ऊब तुमची. सांगा, मी जळू नको तर काय करू?

असो. आज मी फोनवर एक नंबरच्या खोलीचं आईचं नाव खोडलं आणि तिथे मीओकवहिनी असं लिहिलं. अंगठा अडखळला, खोटं कशाला सांगू. चार नंबरला आईचं नाव लावलं. बाबांच्या घरात माझ्या नावाची खोली आता एकही नाही. पण आई माझ्या कोटाशेजारी झोपते म्हणे. तेवढं तुम्ही घेऊ शकला नाहीत, आणि त्याचं तुम्हाला दुखतं हे मला दवाखान्यात तुमच्या तोंडावर दिसलं. बरं वाटलं. मग बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं.

येत्या रविवारी तो माणूस येईल. तुमची खोली माझ्या फोनवरून काढून तुमच्या फोनवर लावून देईल. मालकिणीची खोली मालकिणीच्या हातात असावी. माझ्याकडे फक्त आईची राहू द्या, ती मात्र मागू नका.

सणाला येईन की नाही ते अजून ठरत नाही. राग ओसरला की मायेची आठवण करून द्यावी, मी विसरेन असं नाही.

आपली,
उनशिल


जेचन,
३० जानेवारी

सौ. उनशिलवन्संना,
मीओकचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

आईंचा खोकला आता फक्त पहाटेचा आहे. चार नंबर रात्रभर तापतो, मी दोनदा उठून जमिनीला हात लावून बघते. तुमच्या दिव्यावर माझा विश्वास नाही असं नव्हे. सवय लागली. काल आईंनी मला हाक मारून शेजारी बसवलं आणि वाळवलेल्या पर्सिमनचा तुकडा माझ्या तोंडात घातला. मी तोंड मोठं उघडलं नाही, तुमच्या पत्राची आठवण झाली. तुमच्या दादांना फोटो काढू दिला नाही.

तुम्ही विचारलंत ना, एक शब्द का नाही म्हणून? सांगते. दवाखान्यात तुम्ही फोन पुढे केलात आणि एक नंबरपुढे तो दिवा दिसला, तेव्हा आई गारठल्या याचं दुःख मला नंतर झालं. आधी वेगळंच झालं. ती ऊब माझी नव्हती हे कळलं. चुकून आलेली दुसऱ्याची वस्तू मी आख्खा हिवाळा उराशी धरून बसले होते. माणूस आत मरणाशी झुंजतं आहे आणि मी बाहेर उभी राहून हिशेब करते आहे की आपल्यावर कुणी माया केलीच नव्हती. अशी मी आहे. तुमच्याजवळ लपवून उपयोग नाही, तुम्ही तशाच आहात.

म्हणून तुमचे आभार मानता आले नाहीत. तुम्ही मला दिलं नव्हतं, ते माझ्याकडे आलं होतं. पण तुमचं पत्र वाचलं. तुम्ही जागायचात, दिवा बघायचात, मी कमी केलं तर पुन्हा वाढवायचात, न कंटाळता. माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली. त्यानंतर माझी जमीन गार पडू नये म्हणून कुणी जागलेलं मला आठवत नाही. तुम्ही जागलात. कुणासाठी जागलात ते तुम्हाला माहीत, पण पाठ माझी शेकली, आणि पाठीला नाव कळत नाही.

सणाला यायचंच आहे. मी या वेळी गादी उचलून कुठेही जाणार नाही, आधीच सांगते. खोली माझी आहे. पण तिच्यात दोन गाद्या मावतात आणि उबेची बाजू तुम्हाला देईन. आई म्हणतात आपण दोघी आत झोपलो तर त्या लहान खोलीत एकट्या कशाला झोपतील. मग तीन गाद्या. हे रात्रपाळीला गेले की दार लावून घेऊ. वाटी आईंनी घासून ठेवली आहे. तिच्याशेजारी आणखी एक वाटी घासून ठेवलेली मी पाहिली. कुणाची ते विचारलं नाही.

तो माणूस रविवारी आला होता. त्याला भाजक्या सातूचा चहा दिला, गप्पा ऐकल्या आणि काम न करता परत पाठवला. म्हटलं, आमच्या वन्संना विचारून सांगते. तर विचारते आहे.

माझी खोली तुझ्या फोनवरून काढू नकोस, उनशिल. नाव माझं लिहिलं आहेस ते असू दे. आईंची रोज तापव. आणि एखाद्या रात्री, फार कडाक्याची थंडी पडली म्हणजे, चुकून माझी पण तापव.

जळत राहा, मीही जळते, पण तुटू नकोस.

तुझी वहिनी,
मीओक